नंदीखालचा डब्बा

वायरमन म्हणलं की लोकांच्या डोळ्यांपुढं खांबावर चढलेला माणूस येतो. मी त्यातला नाही. मला उंचीची भीती वाटते. घरातला पंखा बदलायचा असला तरी दुसऱ्याला बोलावतो आणि बायको तोंडाला पदर लावून हसते. मी गाड्यांचा वायरमन. लातूरला नांदेड रस्त्याला माझं दुकान आहे. पाटीवर 'ऑटो इलेक्ट्रिक' असं लिहिलंय, पण ती कुणी वाचत नाही. 'इस्माईलभाई वायरिंगवाले कुठं बसतात' म्हणून विचारलं की शेजारचा चहावाला बोट दाखवतो. काम शिकलो नांदेडला, देगलूर नाक्याजवळ एका उस्तादांच्या हाताखाली. आता साठी उलटली, कंबर डॅशबोर्डखाली वाकायला नको म्हणते, म्हणून अर्धाच दिवस बसतो. तोंड मात्र पूर्ण दिवस चालतं, असं घरचे म्हणतात.

पूर्वी हे काम सरळ होतं. बटण दाबलं की वायरीतून करंट जायचा आणि दिवा लागायचा. नाही लागला तर वायर तुटली, फ्यूज गेला, नाहीतर बल्ब उडाला. चौथं कारण नव्हतंच. एक छोटा बल्ब, त्याला दोन वायरी जोडलेल्या, एवढं खिशात घालून मी निम्मं आयुष्य पोट भरलं. आता तसं राहिलं नाही. आताच्या पिकअपमधलं बटण म्हणजे नुसता अर्ज आहे. तुम्ही हेडलाइटचं बटण फिरवलं की तो अर्ज एका काळ्या डब्ब्याकडं जातो. पुठ्ठ्याच्या वहीएवढा प्लॅस्टिकचा डब्बा, आत सर्किट. पुस्तकात त्याला बॉडी कंट्रोल मोड्यूल म्हणतात, आम्ही बीसीएम म्हणतो, गिऱ्हाईक नुसतंच डब्बा म्हणतं. हेडलाइट, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, दाराचं लॉक, सगळ्यांचे अर्ज त्याच्याकडं. त्यानं मंजूर केला तर दिवा लागणार. इंजिनाचा साहेब वेगळा असतो, पण चावी खरी का खोटी हे हाच डब्बा ओळखतो. यानं 'ओळखत नाही' म्हणून निरोप दिला की तो साहेब इंजिन चालू करत नाही.

असा डब्बा बिघडला की गाडीच्या अंगात आल्यासारखं होतं. मुरूडच्या एका कापडवाल्याच्या पिकअपचा हॉर्न ऐन मंगलाष्टकांत वाजायला लागला, तो थांबेचना. भटजींचं 'सावधान' कुणाला ऐकू जाईना. शेवटी कुणीतरी शहाण्यानं बॅटरीची वायर उपटली तेव्हा लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी नवरदेवाचा काका गाडी घेऊन माझ्याकडं. म्हणतो, "भाई, डब्बा बदला, पाहुण्यांत लई बेअब्रू झाली." बघितलं तर डब्बा चांगला होता. बॉडीला जी वायर जोडलेली असते, जिला आम्ही अर्थ म्हणतो, तिचा नट सैल होता. पाना लावला, दोन आटे फिरवले, काम संपलं. काकाला ते पटलंच नाही. एवढ्या बेअब्रूला एवढासा नट कसा पुरेल, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

सांगायचं एवढंच, की डब्बा गेला म्हणून येणाऱ्या बहुतेक गाड्यांत डब्बा गेलेला नसतो. बॅटरी कमजोर असते, उंदरानं वायर कुरतडलेली असते, नाहीतर कुणी हौशी माणसानं जास्तीचे लाइट ठोकलेले असतात. म्हणून मी डब्ब्याला हात लावायच्या आधी सगळीकडं बघतो. असा मी शहाणा. आणि एका पिकअपमध्ये मीच दोनदा डब्बा बसवला.

ती गाडी व्यंकट बिरादारची. देवणीकडच्या एका खेड्यातला माणूस, पस्तिशीचा, अंगानं काटक, बोलायला तिखट. पाच-सहा गावांतलं दूध सकाळ-संध्याकाळ गोळा करून उदगीरला थंड करायच्या केंद्रावर पोचवायचं, हा त्याचा धंदा. दुधाला थांबता येत नाही. दोन वेळा गाडी चुकली की दूधवाले दुसरी गाडी लावतात आणि एकदा लावलेली गाडी परत काढत नाहीत. त्यामुळं व्यंकट पहिल्यांदा माझ्याकडं आला तेव्हा त्याच्या पिकअपला दुसऱ्या गाडीचा दोर होता आणि त्याच्या तोंडाला फेस.

"भाई, वायपर आपोआप फिरायलंय. इंडिकेटर मनाला यील तसं लागायलंय. आन् सकाळपासून गाडी चावीच वळखंना."

बॅटरी बघितली, चांगली. अर्थ घट्ट. फ्यूज शाबूत. स्कॅनर लावला, म्हणजे गाडीशी बोलायचं यंत्र. गाडीतल्या बाकीच्या सगळ्यांनी उत्तर दिलं, डब्ब्यानं दिलं नाही. या गाडीत तो क्लीनरच्या बाजूला, डॅशबोर्डच्या खाली, पायांच्या वर असतो. पट्टी काढली, डब्बा खाली घेतला, कपलर सोडलं. कपलर म्हणजे वायरींचा गठ्ठा ज्यातून डब्ब्याला जोडला जातो ते सॉकेट. त्याच्या पिना हिरव्या-पांढऱ्या पडल्या होत्या. मध्ये एक पिवळट ओघळ पण होता.

"पाणी गेलंय की हो आत. कुठनं गेलं?"

"सर्व्हिसिंगला फवारा मारला आसल भाई. ते काय बघून मारत्यात का?"

ते मला पटलं. पटलं कारण माझ्या दारात चार गाड्या उभ्या होत्या. पिवळा ओघळ मी गंज म्हणून पुसून टाकला. पाणी खाली दिसलं की माणसानं वर बघावं, हे उस्तादांनी पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. मी वर बघितलं नाही.

नवा डब्बा नांदेडहून मागवला. तो बसवणं म्हणजे बल्ब बदलणं नव्हे. आधी बॅटरीची वायर काढायची आणि गाडीतला उरलासुरला करंट उतरेपर्यंत गप बसायचं. मग डब्बा बदलायचा. पण नव्या डब्ब्याला ही गाडी कुणाची, तिला कुठले लाइट आहेत, चाव्या कुठल्या, काहीच माहीत नसतं. लॅपटॉप लावून गाडीचा नंबर त्याच्यात भरायचा आणि चाव्यांची ओळख करून द्यायची. आणि दोन्ही चाव्या लागतात. एकच दाखवली तर दुसरी त्याला परकी.

"दुसरी चावी?" मी विचारलं.

व्यंकटनं कपाळाला हात लावला. "ती आप्पाकडं ऱ्हाती." आणि फोन लावला.

आप्पा म्हणजे त्याचे वडील. एसटीनं आले, येईपर्यंत दुपार टळली. पांढरं धोतर, डोक्याला पटका, कपाळावर भस्माचे पट्टे, पंचाहत्तरीचे असतील पण पाठ ताठ. पिशवीतून त्यांनी बैलाची घुंगरमाळ काढली. चावी तिलाच बांधलेली.

"तुम्ही गाडी चालवता का आप्पा?"

"छ्या. मला कुठली येती? जोडी इकून घेतली ना गाडी. वानेरा जोडी होती, आंग पांढरंफेक आन् तोंड काळं. म्हणलं व्यंकट, आता एक कासरा तुझ्या हातात, एक माझ्या हातात ऱ्हाऊ दे." मग पिकअपकडं हात करून म्हणाले, "ही बी बघा की. आंग पांढरं, तोंड काळं. मीच पसंत केली."

बघितलं तर खरंच. गाडी पांढरी, पुढचा बंपर काळा.

मी लॅपटॉपला बसलो. हे काम चालू असताना नजर हलवायची नसते. मध्येच बॅटरी उतरली तर नवा कोरा डब्बा जागेवर मरतो. आप्पा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते.

"भाई, एक इचारू का? ही पाणी पिती का?"

"पिते की आप्पा," मी वर न बघता म्हणलं. "सगळेच पितात."

"तेच म्हणलं मी," आप्पा म्हणाले आणि समाधानानं बाकड्यावर जाऊन बसले. म्हाताऱ्या माणसाला काहीतरी बोलायचं असतं, असं मी समजलो. तेव्हा लॅपटॉप बाजूला ठेवून 'का विचारता' एवढं जरी म्हणलो असतो तरी पुढचं काही झालं नसतं.

अडीच-तीन महिन्यांनी ती गाडी परत दोरावर आली. व्यंकट उतरला तो ओरडतच. चहाच्या टपरीवर बसलेली माणसं कप हातात घेऊन उठून आली. तमाशा फुकट असला की आपल्याकडं जागा लवकर भरते.

"भाई, जुना डब्बा घातलाव तुम्ही!"

मला राग लवकर येतो. शिवी अगदी दातांपर्यंत आली होती, ती गिळली. आत जाऊन नव्या डब्ब्याचं खोकं आणलं, त्याच्यापुढं धरलं.

"खोकं नवं आन् माल जुना, आसं बी करत्यात लोक," तो म्हणाला.

करतात. आमच्या धंद्यात हे चालतं, म्हणूनच ते झोंबलं. मी आयुष्यात कुणाच्या गाडीत जुना माल नवा म्हणून घातला नाही. माझ्याकडं डिग्री नाही, मोठं वर्कशॉप नाही. आहे ते एवढंच, की इस्माईल खोटं काम करत नाही असं उदगीर-देवणीपासून लोक सांगतात आणि त्या सांगण्यावर दुसरे येतात. ते एकदा गेलं की पाटी कितीही रंगवा. आणि तिकडं व्यंकटचं दूध. दूधवाल्यांनी त्याला तीन दिवस दिले होते. तोवर एका पाहुण्याचा टेम्पो लावून तो भागवत होता.

"तीन दिवसांत गाडी देतो," मी म्हणलं. "आणि का झालं ते पण सांगतो. माझी चूक निघाली तर तुमच्या गावात येऊन सांगीन."

या वेळी मी गाडीशेजारी सतरंजी अंथरून सगळं सामान बाजूला ठेवलं आणि एकट्यानं बसलो. कपलर सोडलं. पुन्हा तेच, हिरव्या पिना. पुन्हा तोच पिवळा ओघळ. बोटावर घेऊन वास घेतला. हळद. दोन पिनांच्या मध्ये काहीतरी अडकलं होतं, चिमट्यानं काढलं. तांदळाचा दाणा.

मग मी वर बघितलं. काचेवरची वाफ घालवायला डॅशबोर्डवर काचेच्या कडेनं एक लांब फट असते, तिथून गरम हवा येते. टॉर्च लावून बघितलं तर ओघळ त्या फटीतून सरळ खाली उतरलेला. आणि फटीच्या काठावर, डब्ब्याच्या बरोबर डोक्यावर, पितळेचा एक छोटा नंदी चिकटवलेला होता. हळदी-कुंकवानं माखलेला.

मी बाहेर येऊन विचारलं, "व्यंकटराव, तुम्ही नंदीवर पाणी घालता का?"

"मी? मी उदबत्ती ओवाळतो सकाळी, बस. पाणी कोण घालतंय गाडीत?" तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडं आप्पा असावेत, कारण तो म्हणाला, "न्हाई झाली आजून. तुम्ही गाडीचं इचारू नका आप्पा. तुमाला काय कळतंय त्यातलं?" आणि फोन खिशात घातला.

तेव्हा मला ते आठवलं. भाई, ही पाणी पिती का?

दुसरा डब्बा एसटीच्या पार्सलनं नांदेडहून आला. या वेळी तो माझ्या खिशातून. बसवला, चाव्या ओळखवल्या आणि त्याच्यावर प्लॅस्टिकचा जाड कागद असा दुमडून लावला की वरून घागर ओतली तरी आत थेंब जाऊ नये. व्यंकटला म्हणलं, "मी गावाला येतो. गाडी कुठं उभी असते ते बघायचंय."

"गोठ्यात आसती. गोठ्यात काय बघताव?" तो म्हणाला, पण गाडीत घेतलं.

खरंच गोठ्यात उभी राहत होती. गव्हाण तशीच, दोन खुंटे तसेच, मध्ये गाडीपुरती जागा. ऊन कलायला आलं होतं. व्यंकट गाडी लावून हातपाय धुवायला आत गेला. मी गव्हाणीच्या काठावर बसलो. आप्पा आले, हातात पितळी तांब्या. मला बघून 'या या, बसा' म्हणाले आणि आधी गाडीकडं गेले. क्लीनरच्या बाजूचं दार उघडलं, नंदीला बोटानं हळद लावली, चार अक्षता टाकल्या आणि तांब्या वाकडा केला. निम्मा तांब्या.

"पी राजा, पी. लांबून आलास."

पाणी नंदीच्या पाठीवरून घसरलं आणि फटीत गेलं. बाहेर एक थेंब दिसेना.

"आप्पा, हे रोज करता?"

"रोज. गाडी घरी आली की. आधी बैलाला, मग माणसाला. आमच्यात काम करून आलेल्या जनावराला पाणी दावल्याबिगर कुणी तोंडात घास घालत न्हाई." मग माझ्याकडं वळून हसले. "तुम्हीच म्हणलाव ना, पिती म्हणून."

मी त्यांना जवळ बोलावलं, खाली वाकवलं, टॉर्च लावून फट दाखवली, ओघळ दाखवला, प्लॅस्टिकच्या कागदावर आत्ताच साचलेलं पाणी दाखवलं. डब्बा काय करतो ते जमेल तसं सांगितलं. आप्पांनी सगळं नीट ऐकलं. बराच वेळ त्या कागदावरच्या पाण्याकडं बघत राहिले.

"म्हंजे मीच मारली की हो हिला. दोन्ही डाव."

"तसं नाही आप्पा..."

"तसंच हाय." ते उठून उभे राहिले. "चला. मी सांगतो व्यंकटला. तुमचं नाव खराब झालंय आमच्यापायी. तो लई बोललाय तुम्हाला, मला ठावं हाय."

म्हातारा खरा होता. आणि ते दोन पावलं चालले तोच आतून व्यंकटचा आवाज आला, "आप्पा! गाडीपासून बाजूला व्हा म्हणलं ना! किती डाव सांगायचं तुमाला?"

आप्पा थांबले आणि हातातला तांब्या त्यांनी पाठीमागं लपवला. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, त्या गोठ्यात ज्याचा शब्द चालत आला होता तो, पोराच्या आवाजाला तांब्या लपवून उभा राहिला. त्यातलं पाणी त्यांच्या धोतरावर सांडत होतं.

व्यंकट टॉवेलनं तोंड पुसत आला. "सापडलं का भाई?"

मी काही ठरवून बोललो नाही. तोंडातून निघून गेलं. "सापडलं. चूक माझी आहे. डब्बा बसवला, पण वरून पाणी येतंय का ते बघितलंच नाही. काचेजवळची फट तशीच सोडली, तिथून आत उतरत होतं."

यात एक शब्द खोटा नव्हता. अर्धं सांगितलं नाही, एवढंच.

"बघा!" व्यंकट ओरडला. घरातून बायको आली, कुडापलीकडून शेजारी डोकावला. "मी म्हणलो न्हवतो? आता कबूल केलं न्हवं भाईनं सोताच्या तोंडानं!"

माझे कान तापले. आप्पांनी तोंड उघडलं होतं, ते बोलायच्या आत मी त्यांचा हात धरला आणि गाडीच्या पुढं नेलं. "आप्पा, तुमच्याकडं एक काम आहे. व्यंकटराव, ऐका. आजपासून रोज गाडी आली की आप्पा बॉनेट उघडून बघणार. उंदीर शिरलाय का, वायर कुरतडली का. हे होणार नसेल तर मी डब्ब्याची जबाबदारी घेत नाही."

"बघू द्या की. तेवढं तरी जमंल," व्यंकट म्हणाला आणि शेजाऱ्याला माझी चूक समजावून सांगायला कुडाकडं गेला.

आप्पांना बॉनेटचा खटका कुठं असतो ते दाखवलं, दांडी कशी लावायची ते दाखवलं.

"दात बघायचे म्हणा की," आप्पा म्हणाले.

"दात बघायचे, आणि पाणी पाजायचं. गाडी पिते आप्पा, पण इथनं." काचेवर पाण्याचा फवारा मारायची जी टाकी असते, साधी प्लॅस्टिकची, दोन-अडीच तांब्यांची, तिचं झाकण मी उघडलं. "इथं रोज घाला. भरलं की खाली सांडतं, सांडलं तरी काही होत नाही. शेजारचं हे दुसरं झाकण मात्र कधी उघडायचं नाही. गरम असतं, तोंड भाजतं. आणि नंदीला हळद लावा, पण कोरडी."

त्यांनी तांब्यातलं उरलेलं पाणी ओतलं, आणखी एक तांब्या आणून ओतला, पाणी काठावरून सांडेपर्यंत. मी आत जाऊन वायपरची दांडी ओढली. काचेवर दोन धारा उडाल्या, वायपर फिरलं.

"तोंड धुतलं की हो!" आप्पा केवढ्यानं हसले. मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "भाई, तुम्ही आसं करायला नको व्हतं." मी म्हणलं, "माझी पण चूक होतीच आप्पा. तुम्ही विचारलं तेव्हा मी ऐकलं नाही." त्यांनी टाकीच्या झाकणाला हळदीचं बोट लावलं आणि बॉनेट खाली घेतलं.

आता खरं सांगतो, हे मी फार मोठ्या मनानं निभावलं असं काही नाही. त्या बाजूची गिऱ्हाइकं कमी झाली. तोंडावर कुणी बोललं नाही, पण देवणीकडच्या गाड्या माझ्या दारावरून पुढं जाताना दिसायच्या. 'भाईनं सोताच कबूल केलं' हे व्यंकटनं दूध घालता घालता पाच-सहा गावांत पोचवलं होतं. बायकोला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अजी, तुमे कायकू अपने सिर पो लिये?" कधी कधी रिकामं बसलो की चीड यायची, वाटायचं फोन उचलावा आणि सांगून टाकावं. मग तो पाठीमागं लपवलेला तांब्या आठवायचा, आणि फोन तसाच राहायचा.

व्यंकट मात्र येत राहिला, कारण डब्बा पुन्हा गेला नाही. आला की टोमणा ठरलेला. "मागच्यासारखी फट उघडी ठिवू नका." मी म्हणायचो, "हाव." आप्पा कसे आहेत विचारलं की म्हणायचा, "हायत की. रोज बॉनेट उघडून हुबं ऱ्हात्यात. तुम्हीच नाद लावलाव."

अशी पाच वर्षं गेली.

यंदाच्या उन्हाळ्यात एका सकाळी ती पिकअप दारात आली. काच धुळीनं भरलेली, वायपरच्या मधे तेवढा पुसलेला तुकडा. व्यंकटनं डोकं तासलं होतं, वर टोपी. मला वाटलं उन्हाचं केलं असेल.

"भाई, काचेवर पाणी येत न्हाई. परत त्या डब्ब्याचंच आसल. बघा, तुमच्या मागच्या कामाचं काय ऱ्हायलंय का."

स्कॅनर लावला. डब्बा खणखणीत. व्यंकटला वायपरची दांडी ओढायला सांगितली आणि पुढं कान लावला. मोटर घुं घुं करत होती, म्हणजे अर्ज मंजूर होत होता. मोटर चालते आणि पाणी येत नाही. बॉनेट उघडलं. टाकीच्या झाकणावर हळदीचा जाड थर, पापुद्रे सुटलेला. टाकी कोरडी ठक्क.

"पाणी कधी भरलं होतं?"

"ह्यात पाणी भरावं लागतंय?" व्यंकट माझ्याकडं बघायला लागला. "गाडी घेतल्याला लई वर्सं झाली. मी एक डाव बी भरलं न्हाई."

माझा हात झाकणावरच राहिला.

"व्यंकटराव, आप्पा?"

"आप्पा गेले की भाई. पंधरा दिवस झाले. झोपेतच."

मी बाकड्यावर बसलो. डोळ्यांत पाणी आलं ते पुसलं नाही. मग त्याला सांगितलं. नंदी, तांदळाचा दाणा, निम्मा तांब्या, फट, प्लॅस्टिकच्या कागदावरचं पाणी. ते स्वतः सांगायला निघाले होते, हे पण सांगितलं. तांब्या पाठीमागं लपवला, ते शेवटी सांगितलं.

व्यंकट बंपरवर बसला होता. टोपी काढून हातात धरली होती.

"आन् मी पाच गावं सांगत फिरलो, भाईची चूक, भाईची चूक..."

"हाव. चांगलं फिरलात."

"तुम्ही तवाच का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आप्पाला गाडीजवळ येऊ दिलं असतं का?"

गाड्या जात होत्या, चहावाल्यानं दोन कप आणून ठेवले, ते तसेच गार झाले. थोड्या वेळानं तो उठला, माझ्या पिण्याच्या पाण्याचा जग उचलला आणि बॉनेटपाशी गेला.

"किती घालू भाई?"

"सांडेपर्यंत," मी म्हणलं. "ते तसंच घालायचे."

त्यानं जग वाकडा केला. ओठ हलत होते, काय म्हणत होता ते ऐकू आलं नाही. टाकी भरली, पाणी काठावर आलं, सांडलं, त्याच्या चपलांवर पडायला लागलं, तरी त्याचा हात सरळ झाला नाही. मी त्याला थांब म्हणलो नाही.